उरलेल्याचं अर्धं

४ जानेवारी

सूनबाई,

आशीर्वाद घे. अक्षर तुझ्या लेकीचं आहे, बोलणं माझं. अक्षर आवडलं तर तिचं कौतुक कर, एखादा शब्द टोचला तर मला बोल. ती इथे फक्त हाताने हजर आहे, असं तिने मला आधीच बजावलंय. 'तुझ्या आईला पत्र लिहायचंय' म्हटलं तर पेनाचं टोपण निघेना. 'माझ्या सुनेला लिहायचंय' म्हटल्यावर निघालं. मी तरी कशाला वाद घालू? सून माझीच आहेस. माझा मुलगा गेला म्हणून तुझं सूनपण संपलं नाही, आणि तू दुसरं घर केलंस म्हणूनही नाही. हे तिने लिहिलं का, विचारते. लिहिलं म्हणते. वाचता येत नसलं की माणसाला भरवशावर जगावं लागतं.

खालच्या कारखान्यात शाळांचे गणवेश शिवायची घाई आहे. मी हल्ली खाली उतरत नाही, काजं-बटणांचं काम वरच आणून देतात. जिना उंच झालाय. कटिंगमास्तर म्हणतात, जिना आहे तेवढाच आहे. तुला ठाऊकच आहे, मास्तर बोलतात ते कापड कापावं तसं, मोजून, आणि तेही माझ्याविरुद्ध.

टिटवी सातवीत बरी चालली आहे. लहानपणी ओरडून घर डोक्यावर घ्यायची म्हणून आपण तिला टिटवी म्हणायला लागलो. आता उंची वाढली आणि आवाज गेला. नाव मात्र राहिलं.

शाळेत सध्या अपूर्णांकांची तोंडी गणितं चालू आहेत. तोंडी नाही, शाब्दिक उदाहरणं म्हण, असं ती म्हणते. मी म्हटलं, शब्द तोंडातूनच येतात ना? तर नाक मुरडलं. ती मोठ्याने वाचते, मी बटणं लावता लावता ऐकते. कालचं ऐक. एका शिंपिणीने ठाणातलं एक तृतीयांश कापड सदऱ्यांना वापरलं. उरलेल्याचं अर्धं चड्ड्यांना वापरलं. मग दहा मीटर उरलं, तर ठाण किती मीटरचं? मी म्हटलं, दहा मीटर उरलंच कसं, मास्तर काय झोपले होते? ती म्हणाली, आजी, असं विचारायचं नसतं.

ठाण किती आहे हे ठाऊक नाही, तर त्याला 'क्ष' मानायचं म्हणे. पोर जन्मायच्या आधी टोपडं शिवून ठेवावं, तसं. मग त्या क्षमधून वजा करत जायचं, वजा करत जायचं, शेवटी उरेल ते दहाच्या बरोबर ठेवायचं, आणि क्ष आपण होऊन सांगतो की मी एवढा होतो. युक्ती चांगली आहे. मला लहानपणी कुणी शिकवली असती तर मी तुझ्या सासऱ्यांना पुष्कळ प्रश्न विचारले असते.

तिचं उत्तर साठ आलं. मी म्हटलं, साठ मीटरचं ठाण उचलायला हमाल लागेल. तर रुसली.

तू पाठवलेला फ्रॉक तिला बरोबर बसतो. मला कसं कळलं? दुपारी मी डोळे मिटून पडले होते, तेव्हा तिने घालून बघितला आणि पुन्हा जशाच्या तशा घड्या घालून ठेवला. हे मी लिहिणार नाही, म्हणते आहे. मग तर लिहीच.

तुझी सासू


१९ जानेवारी

सूनबाई,

आज अक्षर मास्तरांचं आहे. टिटवी शाळेत गेली आहे. मास्तरांना कापडावर खडूने लिहायची सवय, म्हणून रेघा सरळ आणि शब्द तुटक दिसतील. त्यांना सांगितलंय, मी खोकले तर खोकला लिहू नका.

सरळच सांगते. पोटात गाठ आहे. जन्मभर गाठी मारल्या मी, पण ही आतली कुणी मारली कळत नाही. डॉक्टरीणबाईंना विचारलं, उसवता येईल का? पोरगी चांगली आहे, माझ्या भाषेतच बोलली. म्हणाली, आजी, आता कापड झिजलंय, उसवायला गेलं तर फाटेल. पुढच्या उन्हाळ्याचं विचारलं तर तिने टेबलावरचे कागद नीट लावायला घेतले. मी ओळखलं.

पोरीला हे सांगितलेलं नाही. मास्तरांनाही शपथ घातली आहे. त्यांचं तोंड तसंही बंदच असतं, पण मान हलते.

आता मुद्द्याचं. गणिताच्या बाईंनी मला बोलावलं होतं. मास्तरांच्या हाताला धरून जिना उतरले आणि गेले. मला वाटलं, पोरगी नापास झाली. तर बाई म्हणाल्या, असं नाही, वर्गात सगळ्यात आधी समीकरण हीच मांडते. फक्त एका प्रकारात चुकते, आणि दर वेळी तिथेच. 'उरलेल्याचा' असा शब्द आला की चुकते. एक तृतीयांश गेलं, उरलेल्याचं अर्धं घ्या म्हटलं, तर ही उरलेल्याचं घेत नाही, मुळातल्या सगळ्याचं अर्धं घेते. म्हणून त्या ठाणाचं उत्तर तिचं साठ आलं. खरं उत्तर तीस होतं. बाई म्हणाल्या, चार वेळा समजावलं, मान डोलावते आणि पुन्हा तेच करते. घरी काही आहे का?

मी म्हटलं, घरी मी आहे.

आल्यावर मी अस्तराची एक पट्टी घेतली आणि तिच्या हातात कात्री दिली. म्हटलं, यातलं एक तृतीयांश गेलं असं समज, काप. तिने पट्टी तीन भागांत दुमडली, अगदी बरोबर. पण कापली नाही. तिसरा भाग मागे वळवून ठेवला. मी म्हटलं, बरं, आता उरलेल्याचं अर्धं कर. तर तिने मागे वळवलेला भाग उलगडला, सगळी पट्टी सरळ केली आणि तिचं अर्धं केलं. मी म्हटलं, अगं, तो भाग गेला ना?

"गेला कुठे? मागे आहे की."

आवाज अगदी साधा होता तिचा. दाराजवळच्या खुंटीकडे लक्ष गेलं. तिच्या बापाची खुंटी. खोलीत कपडे टांगायला जागा नाही, ओले टॉवेल खुर्चीच्या पाठीवर वाळतात, पण त्या खुंटीवर तिने तीन वर्षांत काही अडकवलं नाही.

सूनबाई, ती बापाला वजा करत नाही. म्हणून तिचं पुढचं सगळं चुकतं. मी अडाणी बाई, पण मला असं वाटतं, जे उरलं त्यालाच पूर्ण धरल्याशिवाय पुढची पायरी करता येत नाही. तू ते केलंस. उरलं तेवढं उचललंस आणि त्याचं नवं घर केलंस. शेजारणींनी तोंडाला पदर लावला तेव्हा मी त्यांना काय म्हटलं होतं ते तुला ठाऊक आहे, मास्तरांच्या हाताने ते लिहून घेणं बरं नाही. तू बरोबर केलंस. मी तेव्हाही म्हटलं, आजही म्हणते. पण पोरीला तुझं गणित चुकलेलं दिसतं. तिला वाटतं, आईने बाबांना कापून टाकलं.

मागल्या वर्षी तू न्यायला आलीस तेव्हा ती दिवसभर खाली ठाणांच्या मागे बसून राहिली. तू जिन्यावर वाट बघितलीस आणि परत गेलीस. त्यानंतर तू फक्त वस्तू पाठवतेस, स्वतः येत नाहीस. तुला भीती वाटत असणार. मलाही वाटते. पण मी आहे तोवर ती ठाणांच्या मागे बसली तर मी हाक मारू शकते. मी गेल्यावर तिला कोण हाक मारणार? मास्तर? त्यांना तर स्वतःच्या चहासाठीसुद्धा हाक मारता येत नाही. (हे लिहिलं का? लिहिलं म्हणतात. भला माणूस आहे.)

उत्तर पाठवशील ते कारखान्याच्या पत्त्यावर पाठव. मास्तर वाचून दाखवतील.

तुझी सासू


११ फेब्रुवारी

सूनबाई,

पुन्हा टिटवीचं अक्षर. तू मास्तरांकडे जे पाठवलंस ते मिळालं. कापड चांगलं आहे, पण कच्चं वाटतं. 'येईन, पण ती बोलली नाही तर?' असं कुठलं कापड म्हणतं? कापड म्हणतं, धुवून बघा. तू तसंच कर. टिटवी विचारते, हे काय चाललंय? मी म्हटलं, व्यापार.

मी बरी आहे. भूक कमी लागते, वयच तसं आहे. दुपारी जास्त पडते. काजं टिटवीच करते थोडी थोडी. तिची काजं एकसारखी येतात, माझी हल्ली तिरकी. मास्तरांनी दोन सदरे परत आणले, नुसते माझ्या मांडीवर ठेवले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

आज पोरीची गंमत सांगते. बाईंनी वर्गाला सांगितलंय, प्रत्येकाने स्वतःचं एक उदाहरण तयार करायचं आणि स्वतःच सोडवायचं. सगळ्यांनी म्हणे फळं वाटली, नाहीतर टाक्या भरल्या. हिने वेगळंच केलंय. आधी मला वाचून दाखवते म्हणाली, मग पत्रातच लिहिते म्हणाली. मी म्हटलं, लिही, सुनेलाही थोडं डोकं चालवू दे.

तिचं उदाहरण असं. एका घरात काही माणसं होती. त्यातली पाव गेली. उरलेल्यांपैकी एक तृतीयांश दुसरीकडे राहायला गेली. आता घरात दोन आहेत. तर मुळात किती होती?

मी म्हटलं, हात्तिच्या, हे तर 'उरलेल्यांपैकी' आलं, तू चुकणार. तर चुकली नाही. मला एकेक पायरी सांगत गेली. माणसं क्ष मानू. पाव क्ष गेलं, उरलं पाऊण क्ष. आता या पाऊणलाच पूर्ण धरायचं, आजी. त्याचं एक तृतीयांश म्हणजे पुन्हा पाव क्ष. तेही वजा केलं. राहिलं अर्धं क्ष. अर्धं क्ष म्हणजे दोन माणसं, म्हणून क्ष म्हणजे चार.

बरोबर आलं. मला इतका आनंद झाला की मी म्हटलं, शाब्बास. आणि मग बोटं मोजली. तिचा बाप, तू, ती आणि मी.

ती म्हणाली, उदाहरण संपलेलं नाही. पुढे अजून आहे. उरलेल्यांपैकी अर्धी जाणार आहेत. तर घरात किती राहतील?

मी विचारलं, तुला मास्तरांनी सांगितलं?

"नाही. तू तुझ्या कपड्यांच्या शिवणी दोनदा आत घेतल्यास. मला काय, दिसत नाही?"

खाली मशीन चालू होत्या. ती म्हणाली, उत्तर एक येतं, मी दोनदा करून बघितलं. मी म्हटलं, बरोबर आहे. दुसरं काय म्हणणार? बरोबरच होतं.

इतके दिवस मला वाटत होतं, ही एकदा नीट वजा करायला शिकली की मी सुटले. आज शिकली. आता वाटतं, थोडे दिवस अजून चुकली असती तरी चाललं असतं.

पुढे काय सांगू सुचत नाही. हिला म्हटलं, तुझ्या हाताने आजवर माझं लिहिलंस, आता तुझं काय असेल ते लिही. मी बघत नाही. बघूनही मला काय कळणार?

आई,
आजी भिंतीकडे तोंड करून झोपली आहे. खरं झोपलेली नाही. तू ये. मला न्यायला येऊ नकोस, राहायला ये. आजी आहे तोवर राहा. मग मी तुझ्याबरोबर येईन. तिला उठवून बसवायला दोन माणसं लागतात आणि मास्तर लाजतात. फ्रॉक बरोबर बसला.


२ मार्च

तुम्हाला काय म्हणावं, कळत नाही. मुलगा म्हणावं तर मी तुम्हाला पाहिलेलं नाही. जावई म्हणावं तर मला मुलगी नाही. माझ्या सुनेचा नवरा, आणि तरी माझा मुलगा नव्हे, अशा नात्याला आपल्यात शब्दच नाही. म्हणून मायन्याशिवायच आशीर्वाद घ्या.

अक्षर तुमच्या ओळखीचं असेल. तुमचीच बायको लिहिते आहे. मध्ये मध्ये कागद ओला झालाय तो तिच्यामुळे. मी तिला म्हटलं, शाई फिसकटली तर त्यांना वाटेल म्हातारी रडते. माझी अब्रू जाते त्यात.

तुम्ही तिला पाठवलीत आणि 'कधी परत येणार' असं विचारलं नाहीत, हे तिने मला सांगितलं. मी लक्षात ठेवलंय. माझ्या लक्षात ठेवण्याला आता फार किंमत नाही, पण ठेवलंय.

ती आली त्या दिवसाचं तुम्हाला सांगते, कारण ती तुम्हाला नीट सांगणार नाही. नुसतं 'बरं झालं' एवढंच लिहील. टिटवी ठाणांच्या मागे गेली नाही. दोरीवरच्या चादरी काढत होती. ही दारात उभी राहिली, पिशवी हातात तशीच. पोरीने वर पाहिलं, पण बोलली नाही. हीही बोलली नाही. मी खाटेवरून बघत होते. मला वाटलं, आता माझा जीव इथेच जाणार, यांचं मौन सुटायच्या आधी. मग पोरीने मोठ्या चादरीची दोन टोकं हिच्यापुढे धरली. मोठ्या चादरीची घडी एकट्याने नीट होत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेल. हिने पिशवी खाली ठेवली आणि टोकं धरली. दोघी खोलीच्या दोन भिंतींना जाऊन उभ्या राहिल्या, चादर ताणली, आणि पहिली घडी घालायला जवळ आल्या. टोकाला टोक दिलं. पुन्हा मागे, पुन्हा जवळ. प्रत्येक घडीला मधली जागा निम्मी होत गेली. शेवटी चादर एवढीशी राहिली आणि दोघींचे हात एकमेकींत अडकले. कुणीच सोडवले नाहीत.

चादर अजून तशीच खुर्चीवर आहे. उलगडायला दोघीही तयार नाहीत. मी कशावर झोपायचं, हे कुणी विचारत नाही.

आता रोज सकाळी दोघी मिळून मला उठवून बसवतात. मास्तर दारातून बघतात आणि निघून जातात. पोरगी हिच्याशी बोलते, पण कामापुरतं. पाणी दे, उशी सरकव, औषधाची वेळ झाली. घाई करू नका. तुमच्या घरी आली की तुमच्याशीही आधी असंच बोलेल. मनावर घेऊ नका. कामापुरतं बोलता बोलता एक दिवस ती काम नसतानाही बोलते. मास्तरांबरोबर मला नऊ वर्षं लागली होती, पण मास्तर वेगळे.

ती तुमच्याकडे येईल तेव्हा मी नसेन. हे लिहिताना तुमच्या बायकोने पेन ठेवलं होतं, आता पुन्हा उचललंय. रागावून उचललंय, तुम्हाला अक्षरावरून कळेल.

एक काम आहे तुमच्याकडे. तुम्हाला मुलगा आहे असं कळलं, आठ वर्षांचा. ही म्हणते, त्याची पॅंट गुडघ्यात फाटते आणि शाळेची तयार मिळते ती कमरेला सैल होते. तयार मिळणारी सैलच होणार, कुणाच्याच मापाची नसते ती. मास्तरांनी माझ्यासाठी निळं कापड काढून ठेवलंय, गुडघ्याला दुहेरी लावीन. शिवायला माझे हात अजून चालतात, सकाळी तासभर. बटणं टिटवी लावेल, ती म्हणाली लावते. तिच्या तोंडातून आलं हे, मी सांगितलं नव्हतं.

माप पाठवा. आकडे लिहून पाठवू नका, मला वाचता येत नाहीत आणि या दोघींवर माझा भरवसा नाही, दोघीही माझ्यासाठी गोड बोलतात. सुतळी घ्या, पोराच्या कमरेभोवती धरा आणि जिथे येते तिथे गाठ मारा. दुसरी सुतळी कमरेपासून घोट्यापर्यंत. ताणू नका. तो हसून पोट आत घेईल, घेऊ देऊ नका. थोडी वाढीला जागा मी ठेवते, पुढची दोन वर्षं तरी पुरेल अशी.

सुतळी लवकर पाठवा.